पद्मिनी आणि वालचंदशेठ

दरवर्षी आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात एखाद्या थोर माणसाचं चरित्र असतंच. विश्वेश्वरय्या होऊन गेले, टेस्ला होऊन गेले, डॉ. कलाम तर दोनदा झाले. यंदा मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते इंजिनिअर नव्हते. त्यांनी साधी पदवीसुद्धा पुरी केली नाही. तरीही सांगलीच्या एका नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव आहे, सोलापूरच्या एका कॉलेजला आहे, आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, एक अख्खी वसाहत त्यांच्या नावाने वसलेली आहे. ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. कारखाना म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर मँचेस्टर यायचं आणि इंजिन म्हटलं की जेम्स वॉट. वालचंदशेठ हे नाव मी अ‍ॅडमिशनच्या वेळी कट-ऑफच्या यादीत वाचलं होतं तेवढंच. त्यांची खरी ओळख झाली ती गेल्या हिवाळ्यात नेरे गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडल्यावर. ती गाडी त्यांच्या कंपनीची. म्हणून या लेखात थोडी गाडी येईल, थोडी थंडी येईल आणि बरेचसे वालचंदशेठ येतील. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

नेरे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. हिंजवडीच्या मागे, मारुंजी आणि कासारसाईच्या शेजारचं मुळशी तालुक्यातलं गाव. एका बाजूला आयटी पार्कचे टॉवर दिसतात, दुसऱ्या बाजूला ऊस. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या मामांची तिथे शेड आहे आणि शेडमध्ये कित्येक वर्षं एकाच जागी उभी असलेली पद्मिनी. मामांनी सांगितलं, चालू करून दाखवा, मग पुढचं बघू. आम्ही पाच जण, त्यात मुली दोघी. मुलींच्या हॉस्टेलचं गेट सकाळी साडेसहाला उघडतं, त्यामुळे सातपर्यंत शेडवर पोचायचो आणि शनिवार-रविवार तिथेच घालवायचो.

आता पुण्याच्या थंडीला उत्तरेकडचे लोक हसतील. पण पारा आठ-नऊवर आलेला असताना, धरणावरून वारा येत असताना, डोक्यावर पत्रा आणि हातात लोखंडी पाना असला की थंडी म्हणजे काय ते कळतं. बोटं वाकत नाहीत. नट हातातून सुटून थेट चेसिसच्या खाली जातो. रात्रभर पत्र्यावर दव साठलेलं असतं, म्हणून प्रायमर मारायचा तर अकरा वाजेपर्यंत थांबावं लागतं. पुट्टी लवकर धरत नाही. शेकोटी पेटवायची इच्छा होते, पण पेट्रोलचा वास असलेल्या शेडपासून ती चांगली लांब ठेवावी लागते, आणि मग तिचा काही उपयोग होत नाही.

इंजिनाचंही आपल्यासारखंच असतं. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणजे सेल्फ मारायला करंट कमी मिळतो. त्याच वेळी ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे क्रँक फिरवायला ताकद जास्त लागते. वरून गार मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही. पुस्तकात हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ असं आपण पाठ करतो, पण गार इंजिनात त्यातलं बरंचसं पेट्रोल थेंबाच्या रूपात भिंतीला चिकटून बसतं. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि मिश्रण श्रीमंत करायचं. आजच्या गाडीत हे सगळं सेन्सर आणि ईसीयू बघतो. पद्मिनीत ते आपण बघायचं. डेल्कोची कॅप काढून पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फिलर गेजने साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरची फट ठेवायची, प्लग काढून तापवायचे, कार्ब्युरेटरची जेट फुंकून साफ करायची. गॅरेजवाल्या काकांनी शिकवलेली एक युक्ती फार कामाला आली. रात्री बॉनेटखाली सांभाळून शंभर वॉटचा बल्ब लावून वरून गोधडी टाकायची. सकाळी इंजिन अगदी बर्फ झालेलं नसतं.

हे करताना एक गोष्ट लक्षात आली. ब्लॉकवर प्रीमियर. सेल्फवर मद्रासच्या ल्यूकास-टीव्हीएसचं नाव. बाकीच्या सुट्या भागांवरही बहुतेक आपल्याकडच्याच कंपन्यांची नावं. डिझाइन इटलीच्या फियाटचं, पण लोखंड, ओतकाम, मशिनिंग सगळं इथलं. आज हे वाचून कुणाला काही वाटणार नाही. पण ज्या काळात या गोष्टीची सुरुवात झाली त्या काळात भारतात मोटार बनवणं म्हणजे वेडेपणा समजला जायचा. तो वेडेपणा कुणी केला हे शोधत गेले आणि वालचंदशेठ सापडले.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं गुजराती जैन, व्यापारासाठी सोलापुरात स्थायिक झालेलं. वडील हिराचंद नेमचंद दोशी कापसाचा आणि सावकारीचा व्यवहार करायचे. वालचंद अगदी तान्हे असतानाच आई गेली. शालेय शिक्षण सोलापुरात, पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. पदवी अर्धवट सोडून ते घरी परतले. पण पेढीवर बसून व्याजाचा हिशोब करण्यात त्यांचं मन लागेना.

त्याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, पुढे छोटी कंत्राटं घेऊ लागले होते. एकाकडे कामाची माहिती, दुसऱ्याकडे भांडवल. फाटक-वालचंद अशी भागीदारी झाली आणि सोलापूरच्या सावकाराचा मुलगा रेल्वेच्या कामावर माती-खडीच्या ढिगाऱ्यात उभा राहिला. घरच्यांना आणि जातवाल्यांना हे काही फारसं पटलेलं नसणार. पण इथेच त्यांना कामाची गोडी लागली. पुढे टाटांबरोबर त्यांनी बांधकामाची कंपनी चालवली. भोर घाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांचं काम ही त्यांच्या कंपन्यांच्या नावावर आहेत. हॉस्टेलवरची मुंबईची मंडळी दर सुट्टीत खंडाळ्याचा घाट उतरून घरी जातात, त्यांनी पुढच्या वेळी बोगद्यात शिरताना त्यांची आठवण काढायला हरकत नाही. १९२६ साली सुरू झालेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे आपली एचसीसी, ही सुद्धा त्यांचीच.

इथवर ते एक यशस्वी कंत्राटदार होते. असे त्या काळात आणखीही होते. वालचंदशेठ वेगळे झाले ते १९१९ साली, आणि गंमत म्हणजे एका सेकंडहँड वाहनामुळे.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे एक जहाज होतं. मूळचं ते एम्प्रेस ऑफ इंडिया, १८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये बांधलेलं, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं प्रवासी जहाज. युद्धात महाराजांनी ते घेऊन त्याचं हॉस्पिटल जहाज केलं आणि नाव ठेवलं लॉयल्टी. युद्धानंतर ते विकायला निघालं. वालचंदशेठना जहाजांचा अनुभव शून्य होता. पण भारताच्या किनाऱ्यावर आणि परदेशी मार्गांवर सगळा धंदा ब्रिटिश कंपन्यांच्या हातात आहे हे त्यांना दिसत होतं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांच्यासारखे जोडीदार मिळाले, जहाज विकत घेतलं गेलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा वालचंदशेठ स्वतः जहाजावर होते. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच.

आमच्या ग्रुपच्या भाषेत सांगायचं तर लॉयल्टी हा एक प्रोजेक्ट व्हेइकल होता. तीस वर्षांचं जुनं धूड. धंदा म्हणून ते जहाज काही चाललं नाही, १९२३ मध्ये ते मुंबईत भंगारात गेलं. पण कंपनी टिकली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी इतकी खाली आणली की नवी कंपनी बुडालीच पाहिजे. आधी निघालेल्या कित्येक देशी जहाज कंपन्या अशाच बुडाल्या होत्या. सिंदियाला १९२३ मध्ये एक करार करावा लागला. त्यात किती जहाजं ठेवायची, कुठल्या मार्गावर चालवायची याच्या मर्यादा पडल्या. वालचंदशेठना हा करार मनापासून कधीच रुचला नाही. पण त्यामुळे कंपनी जिवंत राहिली आणि पुढे १९२९ पासून १९५० पर्यंत ते तिचे अध्यक्ष होते.

मधल्या काळात साखर आली. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला त्यांनी ओसाड माळ घेतला, तो लागवडीखाली आणला आणि १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना काढला. पुढे त्याच रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटं घरोघरी पोचली. पान पसंद न खाल्लेला माणूस आपल्या हॉस्टेलवर सापडणं कठीण. पुणे जिल्ह्यात कळंबजवळ, नीरा कालव्याच्या पाण्यावर, दुसरा कारखाना आणि वसाहत उभी राहिली, तेच आजचं वालचंदनगर. साखर कारखान्याची यंत्रं दुरुस्त करता करता तिथे यंत्रं बनवायला सुरुवात झाली, आणि आज त्याच वालचंदनगरमध्ये इस्रोच्या रॉकेटसाठी मोटरची केसिंग तयार होतात. ऊस ते रॉकेट. आम्ही हिवाळ्यात शेडकडे जाताना रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर लागायचे, तेव्हा मला नेहमी हे आठवायचं.

आता मोटार. इथे जरा सावकाश जाऊ, कारण खरी गोष्ट इथेच आहे.

त्या काळात भारतात मोटारी नव्हत्या असं अजिबात नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जोडणीचा कारखाना काढला होता, मागोमाग फोर्डही आली होती. खोक्यांमधून सुटे भाग यायचे, इथे जोडले जायचे आणि गाडी रस्त्यावर यायची. म्हणजे जुळणी इथली, पण गाडी तिकडची. वालचंदशेठना नेमकं हेच नको होतं. त्यांना गाडी इथे बनवायची होती, इंजिनासकट.

या कामात त्यांना जोडीदार मिळाले ते आपले सर विश्वेश्वरय्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, १८८३ साली बाहेर पडलेले. १९३५ मध्ये, पंच्याहत्तरीला टेकलेले असताना, ते युरोप-अमेरिकेत मोटारीचे कारखाने बघून आले आणि त्यांनी मुंबईत कारखाना काढण्याची योजना मांडली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात या योजनेला पाठबळ द्यायची तयारी दाखवली. पण १९३९ च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ते पाठबळ गेलं. वालचंदशेठ अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. मग भारत सरकारकडे गेले. कारखान्यासाठी यंत्रं बाहेरून आणायची होती, त्यासाठी डॉलर हवे होते आणि युद्धाच्या काळात परवानगीही हवी होती. मोटार-कारखाना हा युद्धासाठी आवश्यक उद्योग नाही, असं सरकारने ठरवलं. रणगाड्यांच्या आणि लष्करी ट्रकांच्या त्या युद्धात! परवानगी मिळाली नाही.

दुसरं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं. त्याच अमेरिकेच्या खेपेत विल्यम पॉली नावाच्या विमान व्यवसायातल्या एका अमेरिकन माणसाशी त्यांची ओळख झाली होती. मोटार नाही तर विमान. म्हैसूर संस्थानाने जागा आणि पैसा दिला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदवली गेली. १९४१ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान उडालं. १९४२ मध्ये सरकारने वालचंदशेठचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. आज ज्या एचएएलमध्ये लागायचं स्वप्न आपल्या मेकॅनिकलची निम्मी मुलं बघतात, ती एचएएल ही.

जहाज बांधणीचंही असंच. विशाखापट्टणमच्या कारखान्याची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडले आणि काम खोळंबलं. तिथलं पहिलं जहाज, जलउषा, १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पायाभरणी पारतंत्र्यात, जलावतरण स्वातंत्र्यात. १९५२ मध्ये या गोदीचाही मोठा हिस्सा सरकारकडे गेला.

आणि मोटार? १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये, म्हणजे पहिल्या योजनेनंतर तब्बल दहा-अकरा वर्षांनी, तिथून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र आरती होईल. सुरुवातीच्या या गाड्यासुद्धा क्रायस्लरच्या सुट्या भागांतून जोडलेल्याच होत्या. ज्या गोष्टीला वालचंदशेठचा विरोध होता तिथूनच त्यांना सुरुवात करावी लागली. दुसरा मार्गच नव्हता. फरक एवढाच की जुळणी ही त्यांच्यासाठी पहिली पायरी होती. दरवर्षी एकेक भाग इथे बनवत जायचा असा बेत होता. कलकत्त्याकडे बिर्लांची हिंदुस्तान मोटर्सही याच वाटेवर होती. स्वतंत्र भारताचं सरकार हळूहळू त्याच मताला आलं. १९४९ मध्ये तयार गाड्या आणायला बंदी झाली. १९५३ मध्ये ठरलं की ज्यांच्याकडे इथे गाडी बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहायचं. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघींनीही गाशा गुंडाळला. ज्या धोरणासाठी वालचंदशेठ जवळजवळ वीस वर्षं सरकारदरबारी खेटे घालत होते ते धोरण असं आलं.

पण ते बघायला ते फार राहिले नाहीत. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. ज्या माणसाने सोलापूर, मुंबई, बंगळूर, विशाखापट्टणम आणि अमेरिका अशी पायाला भिंगरी लावून आयुष्य काढलं, त्याला शेवटची वर्षं अंथरुणावर काढावी लागली. पत्नी कस्तुरबाई सेवेला होत्या. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. भाऊ गुलाबचंद, लालचंद, रतनचंद यांनी पुढे उद्योग सांभाळले. सांगलीला १९४७ मध्ये निघालेल्या कॉलेजला १९५५ मध्ये वालचंदशेठचं नाव दिलं गेलं.

आमच्या शेडमधली पद्मिनी त्यांनी कधी पाहिली नाही. फियाट ११०० कुर्ल्याला बनू लागली ती १९५४ मध्ये, ते गेल्यानंतर वर्षभराने. त्यातून १९६४ मध्ये डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा, मागच्या चाकांना ताकद. आणि हळूहळू जवळजवळ सगळे भाग इथले. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी असं समीकरण झालं होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली.

याची दुसरी बाजूही आहे आणि आमच्या शेडमध्ये तिच्यावरून जोरदार भांडणं झाली. बाहेरच्या गाड्यांना बंदी, गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं वेटिंग, त्यामुळे कंपनीला गाडी सुधारायची गरजच वाटली नाही. १९६४ ची गाडी किरकोळ बदल करून २००० सालापर्यंत विकली गेली. आमच्यातल्या एकाचं म्हणणं असं की संरक्षण देऊन आपण आळस शिकवला, मारुती आली आणि पितळ उघडं पडलं. आमच्या ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलीचं म्हणणं असं की मारुतीला १९८३ मध्ये इथे सुटे भाग करणारे कारागीर, ओतशाळा, टूलरूम काही प्रमाणात तयार मिळाले ते याच गाड्यांमुळे. मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. वालचंदशेठनी सुरू करण्यासाठी आधार मागितला होता. सुरू झाल्यावर पुढे शिकत राहणं हे मागच्यांचं काम होतं, ते पुरेसं झालं नाही. त्याचा दोष सुरू करणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

हे भांडण नुसतं तोंडी नव्हतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आठ-आठ वेळा सेल्फ मारूनही इंजिन खोकून बंद पडत होतं तेव्हा असा प्रस्ताव आला की हे जुनं इंजिन काढून टाकू, भंगारातून मारुती ८०० चं आणून बसवू, दोन आठवड्यांत गाडी पळेल. गोष्ट खरी होती. आरटीओच्या परवानगीचा घोळ सोडला तर ते सोपंही होतं आणि हात गारठलेले असताना सोपं ते फारच आकर्षक वाटतं. त्या दिवशी चहा पिताना मी त्यांना १९४० ची गोष्ट सांगितली. फोर्ड नाही म्हणाली, सरकार नाही म्हणालं, तरी माणसाने विषय सोडला नाही वगैरे. भाषणाचा परिणाम झाला की चहाचा माहीत नाही, पण हात वर करून मतदान झालं आणि तीन विरुद्ध दोन मतांनी जुनं इंजिन राहिलं.

मग आम्ही ते पूर्ण उघडलं. कॉम्प्रेशन तपासलं तर दोन सिलिंडर कमजोर. हेड काढून व्हॉल्व्ह लॅपिंग केलं. ही गोष्ट आपण वायव्हात तोंडी सांगतो, हाताने करायला दोन दिवस लागतात आणि दुपारच्या उन्हाशिवाय ते जमत नाही. नाना पेठेत हेडचं पॅकिंग मिळालं. कार्ब्युरेटरचं किट पुण्यात मिळेना, ते आमच्यातला एक जण मुंबईहून, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानातून घेऊन आला. ज्या कुर्ल्यात ती गाडी जन्मली त्याच कुर्ल्यातून तिचं औषध आलं. आणि जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, सकाळी पावणेआठला, चोक पूर्ण ओढलेला असताना तिसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. आधी दोन सिलिंडरवर, मग तीनवर, मग एकदम गोल आवाज. मामा घरातून चप्पल न घालताच धावत आले.

मी हे आमची पाठ थोपटून घ्यायला लिहीत नाही. गाडीचं अजून बरंच काम बाकी आहे, ब्रेक तर धड नाहीतच. मला म्हणायचंय ते आपल्या सगळ्यांच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टबद्दल. प्रोजेक्ट तयार मिळतात, हे हॉस्टेलवर सगळ्यांना माहीत आहे. किट आणायचं, बाइंडिंग करायचं, ब्लॅक बुक जमा करायचं. खोक्यातून काढून जोडलेला प्रोजेक्टही चालतो, मार्कही मिळतात. पण तो बंद पडला तर का बंद पडला हे सांगायला आपल्याकडे काही नसतं. पद्मिनी बंद पडली की आता आम्हाला कुठे हात घालायचा हे माहीत आहे. वालचंदशेठचा सगळा आटापिटा याचसाठी होता असं मला वाटतं. देशाचं वाहन बंद पडलं तर ते उघडायची अक्कल आणि हत्यारं देशातच असावीत. जहाज, विमान, मोटार ही तिन्ही उदाहरणं एकाच गणिताची. त्यातली दोन त्यांच्या हातून काढून घेतली गेली, तिसऱ्याचं उत्तर ते गेल्यावर आलं. गणित मात्र त्यांनी मांडलेलं होतं.

शेवटी एक निवेदन. पद्मिनीचं ब्रेक आणि वायरिंगचं काम येत्या डिसेंबरात सुरू होईल. सेकंड इयरच्या ज्यांना यायचं असेल त्यांनी मेसमध्ये आमच्या टेबलावर नाव द्यावं. ब्रँचची अट नाही, कॉम्प्युटरवालेही चालतील. पाने आमचे, चहा मामींचा. स्वेटर आणि कानटोपी ज्याची त्याने आणावी.